रिकामी समजलेली दुनाळी

बाबांची बंदूक आमच्या घरात माझ्या भावाच्याही आधीपासून होती. बाबा फौजेतून आले आणि वर्ध्यातल्या एका बँकेत गार्ड म्हणून लागले. ज्याच्याजवळ स्वतःची लायसन्सची बंदूक असेल त्यालाच ती नोकरी मिळणार होती, म्हणून त्यांनी बारा बोरची दुनाळी घेतली. मग निवृत्त होईपर्यंत इस्त्रीची खाकी घालून, बंदूक खांद्याला अडकवून, सायकलनं बँकेत जायचं आणि दिवसभर दाराशी बसायचं, हेच त्यांचं आयुष्य. ती चालवायची वेळ एकदाही आली नाही आणि याचाच त्यांना अभिमान होता. "बंदूक चालवा लागली म्हणजे गार्ड कच्चा," ते म्हणायचे.

आम्हा दोघांची शिक्षणं, माझं लग्न, वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतलं घर, सगळं त्या बंदुकीच्या जोरावर झालं. रविवारी सकाळी बाबा ओसरीवर जुनी चादर अंथरून तिचे सुटे भाग मांडायचे. नळ्यांतून गज फिरवायचे, शिलाई मशीनचं तेल लावायचे. भाऊ शेजारी बसून बघायचा. आई मात्र तेवढा वेळ आत असायची. माझी आई अल्लीपूरच्या शेतकऱ्याची मुलगी. कापूस वेचताना पायाशी साप निघाला तरी ती ओरडत नसे. मी एकदा विचारलं, साप चालतो आणि बंदूक का नाही?

"साप आपल्या वाटेनं निंघून जाते," ती म्हणाली. "हे कोठं जाते? हे घरातच राह्यते."

आम्ही राहायला गेलो तेव्हा आमच्या लेआऊटमध्ये घरं थोडी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. चोऱ्या व्हायच्या. शेजारच्या काकू गावाला जाताना दागिन्यांचा डबा आमच्याकडे ठेवून जायच्या. "तुमाले काय चिंता, गार्डसाहेबाच्या घरी कोन चोर येते?" असं सगळेच म्हणत. आणि खरंच, आमच्या घरी चोर कधी आला नाही.

बाबा निवृत्त झाले, बंदूक कपाटात राहिली. काही वर्षांनी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी सायकल बाजारात ठेवून पायीच घरी आले. मग एकदा जेवता जेवता आईकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तू कोन्या गावची वं?" आईला वाटलं, थट्टा करून राहिलेत. ती हसली. फोनवर मला सांगतानाही हसत होती, आणि मग एकदम म्हणाली, "डॉक्टरले दाखवा लागते वं."

डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार वाढतच जाणार. गॅसचं बटन जपा, जिना जपा, एकट्यांना रस्त्यावर सोडू नका. आम्ही तिघं मान हलवत होतो. बंदूक कुणालाच सुचली नाही. ती आमच्या लेखी बाबांचाच एक अवयव होती.

मग एक दिवस डिशवाला पोरगा आमच्या गच्चीवर चढला आणि बाबा बंदूक घेऊन अंगणात उभे राहिले. आईनंच त्याला बोलावलं होतं. तिनं कसंबसं बाबांना आत नेलं. त्याच आठवड्यात भाऊ नागपूरहून आला, कपाटातली सगळी काडतुसं काढली आणि जिथून घेतली होती त्या दुकानात परत देऊन आला. पुढं निवडणूक लागली. लायसन्सच्या बंदुका ठाण्यात जमा करा, असा हुकूम निघाला आणि आमचीही गेली.

ते दोन-अडीच महिने आईचा आवाज फोनवर वेगळाच यायचा. "घर कसं मोकळं मोकळं वाटते वं," म्हणायची. मी सासरी हिंगणघाटला शिक्षिका, शाळेच्या मधल्या सुट्टीत तिला फोन लावायची. तेवढं एक वाक्य ऐकलं की मलाही बरं वाटे.

पण इकडे बाबा झिजत चालले होते. सकाळी खाकी घालायचे आणि बंदूक शोधायचे. पलंगाखाली, गव्हाच्या कोठीत, शेजारच्यांच्या घरात. "माही ड्यूटी हाय, साहेब वाट पाहून राह्यले," म्हणून रडायचे. आईवर आळ घेतला, "तूच इकली." जेवण सोडलं. ताटासमोर बसायचे आणि हात धुऊन उठायचे.

निवडणूक आटोपली तेव्हा मी म्हटलं, आता ती आणूच नका, कायमची जमा करून टाका. भावाचंही तेच म्हणणं होतं. आई मात्र ऐकेना.

"आना ती घरी."

"आई, तुलेच तर तिची भीती वाटते ना?" भाऊ म्हणाला.

"मले वाटते. पन ह्या मानसाचं काय करू? पोटात अन्नाचा कन नाई, लहान लेकरावानी रडून राह्यले. काडतुसं नाई ना आता घरात? मंग ते लाकूडच हाय. लाकूड मांडीवर घेऊन बसतीन, तर बसू द्या."



भाऊ बाबांना घेऊन ठाण्यात गेला. बाबांनी दाढी केली होती, बूट चमकवले होते. साहेबांनी विचारलं त्याची खाडखाड उत्तरं दिली, सलाम ठोकला. तिथं कुणाला काही वेगळं वाटलंच नाही. भाऊ म्हणतो, त्यालाही क्षणभर वाटलं की बाबा बरे झाले. त्या रात्री ते दोन भाकरी जेवले. आईचा फोन आला, "जेवले वं, पोटभर जेवले." इतकं खूश मी तिला कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

त्यानंतरची पौर्णिमा. आई पांढरी साडी नेसून गल्लीच्या टोकाच्या विहारात गेली. दर पौर्णिमेला जायची. बाबा झोपले होते. जरा लक्ष ठेवा, असं ती काकूंना सांगून गेली. परत आली तर पुढचं दार आतून लावलेलं. तिनं कडी वाजवली, हाका मारल्या. दार उघडलं नाही, म्हणून मागच्या अंगणातून न्हाणीजवळच्या दारानं ती आत शिरली.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. त्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. आधी बाबांचा आवाज आला, "कोन हाय? थांब तेथंच!" मग आईचा, "अजी, मी व्हय, मी!" आणि मग तो आवाज. काकूंना वाटलं, सिलिंडर फुटलं.

त्या धावत गेल्या तेव्हा आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडली होती. बाबा माठातून पाणी काढत होते. पेला घेऊन ते आईजवळ बसले आणि काकूंना म्हणाले, "ह्या बाईले लागलं काहीतरी. कोन व्हय हे? हिच्या घरी कळवा लवकर." आणि आईच्या ओठांना पेला लावून तिला पाणी पाजायला लागले.

दवाखान्यात नेईपर्यंत आई संपली होती. मी पोचले तेव्हा तिच्यावर चादर होती.

एक काडतूस चाललं होतं, दुसरं अजून नळीतच होतं. पोलिसांना बाबांच्या जुन्या फौजी बुटात, अगदी पुढच्या टोकाला, एक गुंडाळलेला मोजा सापडला. त्यात आणखी काही काडतुसं होती. ती त्यांनी कधी ठेवली असतील, कोण जाणे. कदाचित शुद्धीत असतानाच, वेळप्रसंगाला असावीत म्हणून. आम्हाला सुखरूप ठेवायचं, एवढा एकच विचार त्या माणसाच्या डोक्यात आयुष्यभर होता.

मग चौकशा, तपासण्या, कोर्टाच्या तारखा. आपल्यावर काय आरोप आहे हे बाबांना कळणं शक्य नव्हतं. आम्ही सांभाळतो असं लिहून दिल्यावर त्यांना आमच्या ताब्यात दिलं. मी त्यांना हिंगणघाटला आणलं. माझ्या नवऱ्यानं एका शब्दानं काही विचारलं नाही. पुढची खोली रिकामी केली, तिथं पलंग टाकला.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "तुही माय काऊन नाई आली?"

मला वाटलं, खोटं बोलू नये. मी त्यांचा हात धरला. "आई गेली, बाबा."

"कशानं?"

"गोळी लागली."

ते ताडकन उठून उभे राहिले. "कोनं मारली?"

ते खोलीभर फिरायला लागले, भिंतीवर हात आपटायला लागले. "मी कोठं होतो? मी घरी नवतो काय? मी असतो तर कोनाची हिंमत होती काय?" मग खाली बसले आणि रडले. बायको मेल्याची बातमी आत्ताच मिळालेला माणूस रडतो, तसे. संध्याकाळपर्यंत ते सगळं विसरले आणि चहा पिता पिता त्यांनी पुन्हा विचारलं, "तुही माय काऊन नाई आली?"

"माहेरी गेली," मी म्हटलं. त्यानंतर रोज मी तेच सांगितलं. कधी ते म्हणायचे, "बरं झालं, आराम तरी भेटन तिले." कधी रागवायचे, सांगून का गेली नाही म्हणून.

माझ्या मनात त्यांच्याबद्दल काय होतं, ते मला नीट सांगता येत नाही. त्यांना घास भरवताना मी त्या हातांकडे बघायची. त्याच हातांनी मला सायकल शिकवली होती, त्याच हातांनी त्या दिवशी आईला पाणी पाजलं होतं. राग यायचा, पण तो कुणावर काढायचा? ज्याच्यावर काढायचा तो माणूस तिथं नव्हताच.

भाऊ दर रविवारी यायचा. बाबांची दाढी करायचा, नखं कापायचा, निघून जायचा. एकदाच स्वयंपाकघरात माझ्यासमोर तो मोडला. "ताई, मी सारं कपाट पाहालं होतं. बुटात हात नाई घातला."

"कोन घालते बुटात हात?" मी म्हटलं.

"घालाले पाह्यजे होता."

मध्यंतरी काकूंचा फोन आला. त्यांच्या सुनेच्या गळ्यातली पोत भर रस्त्यात ओढून नेली होती. मुलगा म्हणतो, पिस्तुलाचं लायसन्स काढतो. "तुले काय वाटते, बाई?" काकूंनी भीत भीतच विचारलं. मी म्हटलं, "काकू, चोर येईन का नाई, कोनाले माहीत? पन घरातली मानसं बदलतेत. म्हातारी होतेत, बिमार पडतेत, एखाद्या दिवशी रागात रायतेत. बंदूक तशीच रायते." मुलानं पुढं काय केलं, ते मी विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत आटोपलं. सगळ्यांना फोन केले. अल्लीपूरच्या मामांना करायला हात उचलेना. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला ते आले होते, पण बाबांचं तोंड न पाहता निघून गेले होते. त्यानंतर आमच्याशी बोललेही नव्हते. शेवटी भावानंच फोन लावला. पलीकडून नुसतं "बरं" एवढंच आलं.

दुपारी मामा आले. बाहेर चप्पल काढली, आत येऊन बाबांच्या पायाशी बसले. कितीतरी वेळ बसले. लोक बाजूला सरकले. मग हळूच म्हणाले, "माह्या बहिनीले त्यानं कधी वावगा शब्द नाई बोलला." आणि उचलायची वेळ झाली तेव्हा भावाच्या पुढं होऊन त्यांनी खांदा दिला.

जाताना दारात ते थांबले. माझ्याकडे बघवत नव्हतं त्यांना, म्हणून भावाशी बोलले. "मामी याद करते तुमची. ताईले घेऊन येजो."

आम्ही अजून गेलो नाही. भाऊ म्हणतो, जाऊ एखाद्या रविवारी. मीही म्हणते, जाऊ. त्या घरात आईचा चेहरा असलेली चार-पाच माणसं आहेत. त्यांच्यासमोर कसं बसायचं, ते आम्हा दोघांनाही अजून समजलेलं नाही.