अण्णांची थांबलेली गाडी

गाडी बंद पडली की अण्णा आधी गाडीकडे बघतच नसत. मागे वळून पेशंटला विचारत, "कोणत्या गावचं म्हणायचं?" वैजापूरचा निघाला की कांद्याचा विषय, सोयगावचा निघाला की कपाशीचा. माणूस बोलता झाला की मग सावकाश खाली उतरत. "हे लोक आधीच भ्यालेले असतात," ते मला म्हणाले होते, "त्यात आपणच कपाळाला हात लावला तर त्यांनी काय समजायचं?"

आमच्या हॉस्पिटलचं आवार मोठं. फाटकापासून कॅन्सरच्या इमारतीपर्यंत पेशंटना ने-आण करायला दोन बॅटरीगाड्या होत्या, बिनदाराच्या, वर नुसतं छत असलेल्या. एक अण्णा चालवत, दुसरी मी. एसटीत ड्रायव्हर म्हणून जन्म काढलेला हा माणूस त्या मुंगीच्या चालीच्या गाडीवर खूश होता. "पॅसेंजरशी बोलायला आत्ता कुठं सवड मिळाली," म्हणायचे.

गाडी कशी तपासायची ते त्यांनीच मला शिकवलं. किल्ली नीट फिरलीय का, पुढे-मागेचा खटका अधेमधे तर अडकला नाही ना, हॅन्डब्रेक सुटलाय का, चार्जिंग आहे का. मग पायाखालचा पॅडल दाबायचा आणि कान द्यायचा. "टक् वाजलं की समज, हुकूम पोचलाय, पुढं मोटरपाशी अडलंय. नाय वाजलं तर हुकूमच पोचला नाय. मग मागची सीट उचल आन् वायरी बघ." बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरायची, ती ते जुन्या ब्रशने घासून काढत आणि पुन्हा नट आवळत.

मग काकूंचं, म्हणजे अण्णांच्या बायकोचं, दुखणं निघालं. आम्ही ज्या इमारतीत रोज माणसं सोडत होतो, तिथेच त्यांची फाइल झाली. दोघं उस्मानपुऱ्याहून रिक्षाने येत. अण्णा गाडी लावेपर्यंत काकू फाटकाजवळच्या बाकावर बसत. गाडी समोर आली की एखाद्या अनोळखी बाईकडे बोट दाखवून म्हणत, "आधी यांना न्या. मी काय पळून चाललेय व्हय?" अण्णा त्या बाईला घेऊन जात आणि परतताना गाडी जरा जोरात हाकत. तेवढं मी पाहिलेलं आहे.

एके सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच ठेवा. त्यांना जे आवडतं ते खाऊ घाला. अण्णांनी काकूंना हाताला धरून आपल्या शेजारच्या सीटवर बसवलं. गाडी हलली नाही. त्यांनी पुन्हा पॅडल दाबला. नाही.

मी माझी गाडी बाजूला लावून धावत गेले. अण्णा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले होते. खाली उतरले नाहीत, काही तपासलं नाही. मी वाकून किल्ली पाहिली, खटका पाहिला. टक् वाजत नव्हतं.

"मागची सीट उचलते, अण्णा."

"ऱ्हाऊ दे, सुनंदा."

"लगेच होईल."

"ऱ्हाऊ दे म्हणलं ना." ते समोरच बघत म्हणाले. "गाडी चालू झाली की फाटक येईल. मग रिक्षा. मग घर. बसू दे आमाला जरा."

मी मागे गेले, सीट उचलली. एक वायर टोकापासून निसटली होती. पान्याचे दोन वळसे पुरले असते. मी ती वायर हातात धरून तशीच उभी राहिले. पुढे काकूंनी अण्णांच्या बाहीवरचा कसलासा कण झटकला, मग हात तिथेच राहू दिला.

बऱ्याच वेळाने काकूच म्हणाल्या, "चला आता. ऊन चढायलंय."

मी नट आवळला. सीट खाली ठेवल्याचा आवाज ऐकूनसुद्धा अण्णा थोडा वेळ तसेच बसून होते. मग त्यांनी पॅडल दाबला.

महिन्याभरात काकू गेल्या. अण्णा त्यानंतर एकदाच आले, गणवेश आणि किल्ली जमा करायला. मुलाकडे नाशिकला जायचं ठरलं होतं. चहा नको म्हणाले.

फाटकाबाहेर मी त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली. "येत जा कधीतरी," मी म्हणाले.

"येईन की," म्हणाले आणि आत बसले. बसले ते पार कडेला सरकून, शेजारी एका माणसाची जागा सोडून. रिक्षा वळली तरी ते मधे सरकले नाहीत.