आत्याच्या आवाजाची कॅसेट

माझी आत्या ज्या गोष्टीला घाबरत नव्हती अशी गोष्ट शोधून काढावी लागली असती. आकाशात ढग दिसला की ती टीव्हीची पिन काढून ठेवी. मिरकरवाड्याला मासळी आणायला गेली तर धक्क्याच्या कडेपासून चांगली दहा हात लांब उभी राहून भाव करी. घराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघायची, रिक्षात बसायची आणि कोपऱ्यावरून रिक्षा परत फिरवायची. आम्ही भाच्या तिला पाठीमागे ‘भित्रीआत्या’ म्हणत असू. तिला ते ठाऊक होतं. ती म्हणायची, “हसा गो हसा. मी घाबरते म्हणून तुम्ही सगळ्या धड आहात.” आत्या जाऊन अजून फार दिवस झालेले नाहीत, आणि हे वाक्य माझ्या मनात तिच्या आवाजात नाही, तिच्या हातवाऱ्यांत आहे. त्याचं कारण सांगते.

ही भित्री बाई रत्नागिरीच्या बसस्टँडवर गाड्या पुकारायच्या कामाला होती. माइकसमोर बसली की तिची भीती कुठे जायची कोण जाणे. “पालीमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे,” असं ती म्हणाली की पेंगणारी माणसं बोचकी उचलून सरळ उभी राहत. तो आवाज भरदार होता, थोडा हुकमी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, आत कोणी उंचनिंच, कडक बाई बसली असेल. आत असायची ती अंग चोरून बसलेली, पदराखाली दोन्ही हात घेतलेली माझी आत्या.

एका पावसाळ्यात तो आवाज चिरकला. सर्दी असेल, म्हणून काढे झाले, गुळण्या झाल्या. दिवाळी आली तरी आवाज उघडेना, तेव्हा मी तिला घेऊन कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांकडे गेले. स्वरयंत्रावर गाठ होती. डॉक्टर म्हणाले, “जीव वाचेल. पण स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज राहणार नाही.”

मला वाटलं, आत्या तिथेच कोसळेल. ती एकच म्हणाली, “माझी लेक सई तीन वर्षांची आहे, डॉक्टर. तीन वर्षांच्या पोराला मोठेपणी काय आठवतं?”

परतीच्या गाडीत आंबा घाट लागला. एरवी त्या घाटात ती डोळे मिटून देवाचं नाव घेत बसायची. त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी दरीकडे बघत होती, आणि मला तिचीच भीती वाटली. घाट संपल्यावर म्हणाली, “बाय, मला शूटिंगचा कॅमेरा घ्यायचाय.”

“आवाजच हवा तर टेपरेकॉर्डर पुरे गो.”

“नको. आवाज कुठल्या तोंडातून यायचा ते तिला दिसायला हवं.”

काका, म्हणजे तिचे यजमान, बोटीवर इंजिनात कामाला. त्यांचा फोन कुठल्या तरी बंदरातून आला. ते म्हणाले, “कुठलाही घे, पण ऑपरेशनच्या आधी घे.” कुठलाही घेईल तर ती आत्या कसली!

दुकानदाराने काउंटरवर कॅमेरे मांडले. तेव्हा कॅसेटचे कॅमेरे मागे पडत चालले होते आणि त्यांच्या जागी नेमकं काय राहणार हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. त्याने आधी हार्डडिस्कचा दाखवला. “वहिनी, हा सगळ्यात भारी. तासन्‌तास शूटिंग करा, सगळं आतच साठतं.”

“आणि हातातून पडला तर?”

“डिस्क बिघडू शकते.”

“मग त्यातलं किती जातं?”

“तसं… सगळंच जाऊ शकतं.”

आत्याने कॅमेऱ्यावरचा हात मागे घेतला. दुसऱ्यात छोटी सीडीसारखी चकती होती. तिला ओरखड्यांचं भय वाटलं. तिसऱ्यातलं कार्ड दुकानदाराने नखावर ठेवून दाखवलं. आत्या घाबरून म्हणाली, “एवढंसं? सईने गिळलं तर?” मला हसू आलं, पण तिच्या कपाळावर घाम होता. राहिला कॅसेटचा. दुकानदारच म्हणाला, “हा घेऊ नका. आपल्याकडची हवा दमट, कॅसेटला बुरशी धरते. फीत अडकते.”

“अडकली तर काय करता?”

“खराब झालेला तुकडा कापतो आणि पुढचं मागचं जोडतो.”

“म्हणजे तेवढंच जातं? बाकीचं राहतं?”

“बहुतेक वेळा राहतं.”

आत्याने गळ्याभोवतीचा मफलर सारखा केला. “मग हाच द्या. थोडं गेलं तरी चालेल मला. सगळं जायला नको.”

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी तिच्या पडवीत कॅमेरा लावला. लाल दिवा लागला आणि आयुष्यभर माइकवर बोललेल्या बाईची वाचाच बसली. “सई, तू मोठी झालीस की…” एवढं म्हणून ती थांबे. पुन्हा सुरुवात करी, पुन्हा थांबे. तिचे ओठ पांढरे पडले होते. शेवटी म्हणाली, “बंद कर गो. मला नाही जमत. मेल्यासारखं वाटतंय.”

मी बंद करायला उठले तेवढ्यात सई उंबऱ्यावर चढली. “गो सई! उतर आधी! पडशील, दात पडतील!” आत्या ओरडली. सई खिदळत पायरीकडे पळाली, आत्या मागे. मग ओरडणं, दटावणं, भात भरवणं, “काटा लागेल, नीट चाव,” हे सगळं सुरू झालं आणि आत्या कॅमेरा विसरली. मी तो चालूच ठेवला. घसा बसलेला होता, पण आवाज तिचा होता.

ऑपरेशन नीट झालं. श्वास घ्यायला गळ्याला भोक राहिलं आणि त्याबरोबर नवी भीती आली. आंघोळीचं पाणी आत जाईल ही भीती, धुळीची भीती. सईला बोलवायचं झालं की ती दाराच्या चौकटीवर पळी आपटायची. कॅसेट मात्र तिने कोणाला लावू दिली नाही. लावली आणि अडकली तर? तांदळाच्या डब्यात, पिशवीत गुंडाळून ती ठेवलेली असे. पुढे कॅमेराच बंद पडला. सई शाळेतून कॉलेजात गेली, नोकरीला मुंबईला निघाली, तरी आईचा आवाज तिला आठवत नव्हता. सईने अखेर हट्ट धरला. “आई, ठेवूनसुद्धा ती खराबच होतेय गो.” आत्या दोन दिवस जेवली नाही. मग तिने डबा सईपुढे ठेवला.

मुंबईत जुन्या कॅसेटींचं काम करणाऱ्या एका माणसाकडे आम्ही तिघी गेलो. त्याने कॅसेट उजेडात धरली. फितीच्या कडेला पांढरी बुरशी होती. “साफ करून बघतो. खात्री देत नाही,” तो म्हणाला. हे ऐकून आत्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि तिने पदर तोंडावर घेतला. मशीन सुरू झालं. पडद्यावर नुसते चौकोन नाचत होते. फीत कुरकुरली, थांबली. सईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पुन्हा सुरू झाली. चित्र नव्हतंच, पण एकदम मोठा, घोगरा आवाज खोलीत घुमला, “गो सई! उतर आधी!”

सई दचकून उभी राहिली.

आत्या दारात आली होती. खोलीत कोणी परकी बाई येऊन आपल्या मुलीवर ओरडतेय, असा तिचा चेहरा होता. तिने हाताने विचारलं, कोण आहे?

“तू आहेस आई,” सई म्हणाली.

आत्याने मान हलवली. नाही.

तेवढ्यात चौकोन विरले आणि चित्र स्वच्छ झालं. पडवी दिसली, आणि पायरीकडे धावणारी तरुण आत्या. आत्या भिंतीचा आधार घेत पडद्याच्या अगदी जवळ गेली. पडद्यावरची बाई बोलत होती, आणि तिच्याबरोबर आत्याचे ओठ हलत होते.