सासूबाईंची मिशी

रंगराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता गल्लीनंच ते त्यांना चिकटवलं. माणूस लोण्याहून मऊ. जन्मात वैर धरलं ते एका बुरशीशी. हवाच अशी, की सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी जास्त ओला निघायचा. म्हणून रंगरावांनी कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढली होती, बूट फ्रिजच्या डोक्यावर चढवले होते आणि उरलेल्या घराला व्हार्निश फासलं होतं. झाडूच्या दांड्यालासुद्धा. त्यांच्याकडे येणारे पाहुणे आधी खुर्चीला बोट लावून बघत आणि मगच टेकत.

एवढा बंदोबस्त असूनही बुरशी घुसलीच, आणि घुसली ती थेट बाहेरच्या खोलीतल्या सासूबाईंच्या फोटोत. काचेच्या आत, नेमकी वरच्या ओठावर. बघता बघता झुपकेदार मिशी झाली.

"अहो, रविवारी आई येतेय," बायको म्हणाली. "तिचा तरुणपणीचा हा एकच फोटो. जिवापाड सांभाळीन म्हणून मागून आणलाय मी."

"शोभतेय की."

बायको हसली नाही, तेव्हा रंगराव सावरून बसले.

"काच काढा, फोटो चांगला सुकू द्या आणि मऊ ब्रशनं अंगणात हलकेच झटका," तिनं बजावलं. "पाण्याचा थेंब लावू नका." आणि ती कामावर गेली.

फोटो सुकलाही. पण रंगरावांच्या हाताला एकच वळण होतं: समोर पाटी आली की आधी ती धुवायची. डोक्यात बायकोची सूचना घोळत असताना हातानं परस्पर फडकं भिजवलं, पिळलं आणि फिरवलं.

मिशी गेली. तोंडही गेलं.

आता ते नव्यानं काढणं भाग होतं. पण रंगरावांनी आयुष्यात तोंड रंगवलं होतं एकच, दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर. हाताला तेवढंच येत होतं. शेवटी सवयीनं वरून व्हार्निशचा हातही बसला.

संध्याकाळी बायकोनं पाहिलं आणि ती बोट न लावताच खुर्चीवर बसली.

"आईनं बत्तिशी दाखवलेली मी कधी बघितली नाही हो."

"मग आता बघ," रंगराव पुटपुटले.

रविवारी सासूबाई आल्या. पाणीही न घेता फोटोपुढे उभ्या राहिल्या. व्हार्निशला वारा लागावा म्हणून काच अजून बसवलेली नव्हती. रंगराव दाराच्या बाजूला सरकले. बायको जमिनीकडे बघत होती.

"जावईबापू, हे माझे दात?"

"आई, ते जरा..."

"फोटोवाला हसा हसा म्हणून मागे लागला होता. मी ओठ घट्ट मिटून बसले. पुढचे दोन पडले होते, सांगणार कोणाला?" सासूबाईंनी फोटो खाली काढला. "झकास बसवलेत हो. माझ्या कवळीपेक्षा सरळ आहेत."

बायकोनं इतका मोठा श्वास सोडला, की रंगरावांना वाटलं, आता भिंतही वाळेल.

मग सासूबाईंनी फ्रेम उलटी केली. पाठ ओलसर होती. "कपाटाला वीतभर वारा आणि सासू भिंतीला चिकटवून? मागे बुचाचे चार तुकडे लावा."

"आजच लावतो."

त्यांनी फ्रेम सुलटी केली, त्या नव्या दातांवरून कौतुकानं उजव्या हाताचं बोट फिरवलं, आणि ते तिथंच चिकटून राहिलं.

"जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "मी आता जेवू कशी?"