मागलं दार

मुलीसाठी स्थळ बघायला गेलं, की नाना आधी चहाला शिवायचेच नाहीत. यजमान "बसा, बसा" म्हणेपर्यंत हे सरळ स्वयंपाकघरात! बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या. नाना चारी भिंती न्याहाळायचे आणि विचारायचे, "मागलं दार कथं शे?"

नाना म्हणजे धुळ्याचे माझे थोरले काका. दूधवाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांवर त्यांचा संशय. कोणी जरा गोड बोललं, की माझ्या कानाशी लागायचे, "माले संशय येस." त्यांची एकुलती एक सुमन लग्नाची झाली, आणि नानांबरोबर एसटीनं गावोगाव हिंडणं माझ्या गळ्यात आलं.

त्या काळात जो तो धाब्याचं मातीचं घर पाडून स्लॅब टाकत होता. धाब्याच्या घराची दोन दारं समोरासमोर असायची. ओट्यावरून परसातली म्हैस दिसायची. नव्या घरांना पुढे सिमेंटची जाळी, मोझॅकची फरशी, गच्चीवर कमळाच्या आकाराची टाकी, आणि मागे नुसती भिंत. जळगावच्या एका इंजिनिअरचा असला बंगला नानांनी दारातूनच नापास केला. "समोरून इतकं नटाडेल शे, म्हणजे मांगे काहीतरी दपाडेल शे!" काकू कातावल्या, "पोर घरले देवानी शे का माणूसले?" नाना ढिम्म.

मग फैजपूरचं स्थळ आलं. मुलगा मास्तर, माणसं साधी. सुमनला तो मनापासून आवडला होता. "काहीही कर, पण नानांना हो म्हणायला लाव," असं तिनं मला बजावलं होतं. पण घर नवं, स्लॅबचं, आणि दार एकच. नाना चहा न घेता उठले.

स्टँडवर माझं डोकंच फिरलं. "नाना, चोर आहात का तुम्ही? काय ते मागलं दार घेऊन बसलात!"

नाना रस्त्याकडे बघत म्हणाले, "आमनी अक्काना सासरले एकच दार व्हतं. बैठकमा सासरा खाट टाकीसन बसे. तिले माहेरले येवानं व्हतं रे. कशी येई?"

अक्का म्हणजे त्यांची बहीण. ती तापानं गेली, एवढंच आम्हाला घरात सांगितलेलं. मी नानांना तसंच हाताला धरून परत नेलं आणि मास्तरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "स्वयंपाकघराची भिंत बोळाला लागून आहे. फोडू." आता त्यांच्या वडिलांना संशय! दार कशाला हवं? मुलगी पळून जाणारी आहे का? मास्तर हसून म्हणाले, "अहो आबा, आईला उजेड येईल."

एसटीत बसल्यावर नाना पुटपुटले, "लगेच हो म्हणाला. माले संशय येस."

मागल्या दाराची चौकट बसलेली नाना स्वतः बघून आले, तेव्हाच सुपारी फुटली. पुढे नाना लेकीकडे जायचे ते कधी न कळवता, आणि बोळातूनच. तिचे डोळे निरखून विचारायचे, "खरंच हसस ना?" सुमन खरंच हसत असायची. नानांना मात्र ते कधी पुरतं पटलं नाही.

नाना एका सकाळी अचानक गेले. शेजारच्या फोनवर निरोप पोहोचला, तेव्हा सुमनच्या घरी नणंदेला बघायला पाहुणे आले होते. बैठक भरलेली, सासरे मध्यभागी, मास्तर शाळेत. शेजारीण बोळातून स्वयंपाकघरात आली आणि हळूच सांगून गेली. सुमननं परात सरकवली आणि मागल्या दारानं जी निघाली ती थेट स्टँडवर.

आम्ही तिच्यासाठी थांबलो होतो. ती आली तेव्हा दुपार कलली होती. हाताला कणीक तशीच वाळलेली. त्या दारानं अशी एकटी ती माहेरी आली, ती तेवढी एकदाच. नानांच्या उशाशी बसली आणि वाकून त्यांच्या कानात म्हणाली, "नाना, मी कोणालाच विचारलं नाही."