निवेदनातली सातवी मागणी

२००६ साली मी रत्नागिरीतल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. मी बातम्या तपासायचो आणि शेजारच्या टेबलावर बसणारा आमचा ऑपरेटर संगणकावर त्यांची पानं लावायचा. तो सव्वीस वर्षांचा होता. मिरजोळ्याला आईबरोबर राहायचा. त्याचा मोठा भाऊ आखातात फिटर होता. भावाला शुक्रवारी सुट्टी असे. फोन महाग, म्हणून हे दोघे दर शुक्रवारी दुपारी इंटरनेटवरच्या एका खेळात भेटायचे.

खेळ परदेशी कंपनीचा होता. जगभरातून हजारो माणसं एकाच वेळी त्यात असत. लढाया होत्या, शेती होती, घरं बांधता येत. या दोघांनी एक दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. मागच्या खोलीत एक लाकडी पेटी होती. एकानं पेटीत ठेवलेली वस्तू दुसऱ्याला काढता यायची. खेळात कागदही मिळे, एका कागदावर दहा ओळी. एखाद्या शुक्रवारी कामाची पाळी लागली की भाऊ आधीच खेळात येऊन इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून कागद पेटीत ठेवायचा. ऑपरेटर मला त्यातलं कधी कधी सांगायचा. बहुतेक मजकूर घराच्या कौलांबद्दल, आईच्या गोळ्यांबद्दल आणि तिथल्या जेवणाबद्दल असे.

तो ज्या सायबर कॅफेत खेळायचा तो बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होता. सहा संगणक. नवरा मुंबईला नोकरीला असलेली एक बाई तो चालवायची. सगळे तिला वहिनी म्हणत. तिथे हाच खेळ खेळणारे सात जण होते. सगळ्यात थोरले पावसचे एक आंबा बागायतदार, वय अठ्ठावन्न. सगळ्यात धाकटा आमचा ऑपरेटर.

त्या वर्षी खेळात एक बिघाड झाला. कंपनीनं काही नवं घातलं आणि त्यानंतर अनेकांच्या पेट्या नीट उघडेनात. झाकण वर जायचं, आत नुसता काळा चौकोन दिसायचा. या दोघांची पेटी तेव्हा अजून नीट उघडत होती. कंपनीनं आपल्या पानावर लिहिलं की वस्तू आमच्या संगणकात सुखरूप आहेत, फक्त दिसत नाहीत. त्याच पानावर, त्याच्या खालीच, पावसाळ्यात एक नवा प्रदेश येणार असल्याची घोषणा होती. खेळाडू चिडले. आधी पेट्या दुरुस्त करा, प्रदेश नंतर आणा, असं शेकड्यांनी लोक लिहीत होते. काहींचं म्हणणं होतं की दर वेळी नवा भाग चढवताना बंद पडलेल्या पेट्यांपैकी काही खरोखरच रिकाम्या होतात.

ऑपरेटरनं ती सगळी चर्चा छापून मला वाचायला आणून दिली. त्याचं इंग्रजी बेताचं होतं. कंपनीचं उत्तर असं होतं की नवा प्रदेश रंगवणारी माणसं वेगळी आणि दुरुस्ती करणारी वेगळी. एकाचं काम थांबवून दुसऱ्याचं लवकर होत नाही. मला ते पटण्यासारखं वाटलं. त्याच आठवड्यात आमच्या दैनिकात एका चुकीच्या बातमीचा खुलासा तीन दिवस अडकला होता, कारण जागा आंबा पुरवणीच्या जाहिरातींनी घेतली होती. पुरवणीची माणसंही आमच्याकडे वेगळीच होती.

मार्चमध्ये गल्लीत रस्ता खोदताना केबल तुटली. दोन शुक्रवार कॅफे बंद राहिला. दुसऱ्या शुक्रवारी भावानं ऑफिसात फोन केला. मी समोरच होतो. बोलणं दोन मिनिटांत आटपलं. पेटीत पाच कागद ठेवलेत, सावकाश वाच, घाई नाही, असं तो म्हणाल्याचं ऑपरेटरनं फोन ठेवल्यावर मला सांगितलं. मंगळवारी भाऊ राहत्या खोलीत हृदयविकारानं गेला. वय चौतीस. मृतदेह यायला अकरा दिवस लागले.

दिवसकार्य झाल्यावर तो कॅफेत गेला. लाइन सुरू झाली होती. पेटीचं झाकण वर गेलं आणि आत काळा चौकोन दिसला.

मधल्या काळात त्यानं आईला कागदांबद्दल सांगून ठेवलं होतं. त्यानंतर ती रोज विचारायची, "काय लिहिलान रे त्याने?" मशीन बिघडलंय, दुरुस्तीला दिलंय, असं तो सांगायचा. कंपनीच्या पानावर तक्रारीचा एक फॉर्म होता. तो त्यानं चार वेळा भरला. त्यात बिघाड कुठला ते यादीतून निवडायचं होतं. काही लिहायला जागा नव्हती. दर वेळी यंत्राकडून एक क्रमांक आला.

लेखी निवेदन द्या, असं मी सुचवलं. आमच्या दैनिकात रोज कुठलं ना कुठलं निवेदन येई. नळपाणी योजना, एसटीचा थांबा, ओढ्यावरचा साकव. निवेदनानं काम होतं असा माझा अनुभव नव्हता, पण निवेदनाला पोच मिळते आणि पोच मिळालेला कागद कुठेतरी फाइल होतो, एवढं मला माहीत होतं. एकट्याचं नको, सातही जणांच्या सह्या घ्या, असंही मीच म्हणालो.

एका रविवारी सकाळी कॅफेत सगळे जमले. निवेदनाची आपल्याकडे एक रीत आहे. सही करणाऱ्या प्रत्येकाची एक तरी मागणी त्यात यावी लागते, नाहीतर तो सही देताना कुरकुरतो. आणि मागण्या वयानुसार लागतात. ही रीत कोणी सांगितली नाही, सगळे तसेच बसले. बागायतदार पहिल्या खुर्चीवर होते. त्यांची मागणी समुद्राची होती.

"एवढा देश उभा केलानी, नि समुद्र नाही?" ते म्हणाले. "नदीत होडी घालून काय करायची? म्हशी धुवायच्या?"

"काका, तुमच्या दाराशी आहे की समुद्र," वहिनी म्हणाल्या.

"तो बघायला आहे. होडीत चढायला गुडघे कुठायत?"

सगळे हसले. ऑपरेटरही हसला. मी एक नंबरला समुद्र लिहिला. मग घोडे स्वस्त व्हावेत, लढाईत नाव लाल रंगात दिसावं, भारतीय वेळेनुसार उत्सव असावेत, अशा मागण्या येत गेल्या. पेट्यांची दुरुस्ती सातवी आली. ती वर घेऊ का, असं मी त्याला विचारलं. मोठी माणसं आहेत, त्यांचं वर राहू द्या, असं तो म्हणाला. मी आग्रह केला नाही. बातमी मोठी झाली की खालून कापतात, म्हणून महत्त्वाचं पहिल्या परिच्छेदात ठेवायचं, हे मी नव्या वार्ताहरांना शिकवत असे.

त्यानं स्वतःची मागणी घरून कागदावर लिहून आणली होती. मराठीत तीन वाक्यं होती. नवा प्रदेश आणण्याआधी पेट्या दुरुस्त कराव्यात. दुरुस्ती होईपर्यंत पेटीतल्या वस्तू जपून ठेवाव्यात. आमच्या पेटीत माझ्या भावाचे पाच कागद आहेत, तो वारला आहे, ते मी अजून वाचलेले नाहीत.

तिसरं वाक्य मी खोडलं. निवेदन सार्वजनिक असतं, त्यात वैयक्तिक गाऱ्हाणं घातलं की बाकीच्या मागण्यांचं वजन कमी होतं, असं मी त्याला समजावलं. त्यानं मान हलवली. उरलेल्या मजकुराचं मी इंग्रजी केलं, सातांनी सह्या केल्या, आणि ते रजिस्टर पोस्टानं परदेशी पाठवलं. जूनच्या सुरुवातीला पोचपावती आली. तिच्यावर एक न वाचता येणारी सही होती. ती पावती त्यानं आईला दाखवली.

जुलैत कंपनीचं उत्तर आलं. जाड कागदाचा लिफाफा, आत एक पत्र आणि समुद्राचं एक रंगीत चित्र. रत्नागिरीच्या मित्रांची पहिली मागणी पूर्ण होत असल्याचा आम्हाला आनंद आहे, असं पत्रात लिहिलं होतं. समुद्र त्यांनी आमच्यासाठी केला नव्हता. तोच तो नवा प्रदेश होता, आमच्या निवेदनाच्या कितीतरी आधी जाहीर झालेला. बाकीच्या सहा मागण्यांचा उल्लेख नव्हता. वहिनींनी चित्र भिंतीला लावलं.

समुद्र आला त्या दिवशी दुपारी मी कॅफेत होतो. बागायतदार कडेच्या संगणकावर होते. किनारा दिसल्यावर त्यांनी सगळ्यांना बोलावलं. लाटांना आवाज होता. ऑपरेटर मधल्या संगणकावर बसला होता. त्यानं घराचं दार उघडलं, मागच्या खोलीत गेला, पेटीवर क्लिक केलं. झाकण वर गेलं. या वेळी काळा चौकोन नव्हता. पेटीचा तळ दिसत होता, लाकडाच्या रेघांसकट. बिघाड दुरुस्त झाला होता आणि पेटी रिकामी होती.

त्यानं झाकण लावून पुन्हा उघडलं. असं तीन-चारदा केलं. बागायतदारांनी मागे येऊन पाहिलं आणि काय झालं ते विचारलं. भावाचे कागद त्यात होते हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "मेल्या, मला बोलायचंस ना," असं ते हळू म्हणाले आणि आपला संगणक बंद न करताच निघून गेले. लाटांचा आवाज चालू राहिला. शेवटी वहिनींनी स्पीकर बंद केला.

त्या रात्री त्यानं स्वतःच, स्वतःच्या इंग्रजीत, कंपनीच्या पत्रावर छापलेल्या पत्त्यावर ईमेल लिहिली. मला दाखवली नाही. तक्रार विभागातल्या एका माणसानं दोन दिवसांत उत्तर पाठवलं. ते मात्र त्यानं छापून माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

मी वाचून त्याला मराठीत सांगितलं. बंद पेटीतल्या वस्तू आम्हाला इथून वाचता येत होत्या. कोणी कारण कळवलं असतं, तर आम्ही ते कागद काढून तुम्हाला पाठवले असते. आणखी काही जणांसाठी आम्ही तसं केलंही आहे. नवा प्रदेश चढवताना जुनी नोंद पुसली जाते. आता काही करता येणार नाही. तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं.

"कारण मी लिहिलं होतं ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"तुम्ही काढलंत ते."

"हो."

तो जागेवर जाऊन बसला. थोड्या वेळानं परत आला आणि त्यानं तो मूळ कागद मागितला. वापरलेली कॉपी, म्हणजे हातानं लिहिलेला मजकूर, आम्ही ऑफिसात तारेला खोचून ठेवायचो; हा कागदही तिथेच होता. मी शोधून त्याला दिला. तिसऱ्या वाक्यावर माझी लाल रेघ होती, सरळ, वाक्याच्या सुरुवातीपासून पूर्णविरामापर्यंत. ते वाक्य इंग्रजीत कसं झालं असतं, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं ते त्या रेघेखाली लिहून घेतलं, एका शब्दाचं स्पेलिंग विचारलं आणि कागद खिशात ठेवला.

आईला त्यानं काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. तो कॅफेत जायचा थांबला. वर्षभरानं त्याला कोल्हापूरला काम मिळालं. तोपर्यंत आम्ही शेजारी बसून रोजची पानं काढत राहिलो. कंपनीचं ते उत्तर आलं त्या संध्याकाळचं पानही वेळेवर गेलं. तळाला एका गावाचं निवेदन होतं, अकरा मागण्यांचं. जागा कमी पडत होती. किती ठेवू, असं त्यानं विचारलं. सगळ्या ठेव, असं मी म्हणालो, आणि शेजारची एक जाहिरात काढायला लावली.