क्लिप सुरू होण्याआधी

नोकरीतले कितीतरी गुन्हे आता नीट आठवतही नाहीत. आरोपी कोण, कलमं कोणती, सगळं एकमेकांत मिसळून गेलं आहे. नायगाव भागातल्या त्या आठवडी बाजाराची घटना मात्र जशीच्या तशी समोर उभी राहते, आणि अजूनही माझं डोकं फिरतं.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. पोरं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज सगळ्या तालुक्यात सुरू होते. ही अफवा आहे, असं आम्ही गावोगाव स्पीकरवरून ओरडून सांगत होतो. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन तोच मेसेज पुढे पाठवायचे.

त्या बाजारात केसांवर फुगे देणारा एक माणूस आला होता. विंचरताना निघालेला गुंतवळ बायका भिंतीच्या फटीत जपून ठेवतात. तो घ्यायचा आणि बदल्यात लेकरांना फुगा द्यायचा, हा त्याचा धंदा. माणूस देगलूरच्या पलीकडचा, तेलुगू बोलणारा. फुगे म्हटल्यावर भोवती पोरं जमणारच. कुणाला तरी शंका आली, त्याचं पोतं उपसलं गेलं, तर आत बायकांचे केस. त्याला नाव-गाव विचारलं, तो घाबरून तेलुगूत बोलू लागला आणि जमावाची खात्रीच पटली.

पोलीस पाटलांचा फोन आला तेव्हा आमचे एक हवालदार जीप घेऊन जवळच होते. हवालदार लातूर जिल्ह्यातले, किल्लारीकडचे. लहानपणी भूकंपात ढिगाऱ्याखालून लोकांनी ओढून काढलेला हा माणूस. बोलायला कमी, कामाला पक्का. सोबत फक्त चालक आणि समोर सगळा बाजार खवळलेला.

अशा वेळी काय करायचं, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. जुने हवालदार नव्यांना सांगतात. जमावाशी हुज्जत घातली तर जमाव पोलिसांवरच उलटतो. म्हणून त्या माणसाची कॉलर आपणच धरायची, चार शिव्या हासडायच्या, दोन थपडा लगावायच्या आणि ‘चल ठाण्यात, तुला दाखवतोच’ असं मोठ्यानं म्हणायचं. लोकांना वाटतं, आता पोलीस बघून घेतील. वाट मोकळी होते आणि माणूस जिवंत गाडीत बसतो. हवालदारांनी तेच केलं आणि गाडी सरळ दवाखान्याकडे घेतली. नांदेडला पोहोचेपर्यंत त्या माणसाने प्राण सोडला.

संध्याकाळच्या आत क्लिप सगळीकडे पसरली. वर्दीतला माणूस एका गरिबाला थपडा मारतो, कॉलर धरून गाडीत कोंबतो, बस्स. खाली लिहिलेलं, ‘पोलिसांच्या मारहाणीत फेरीवाल्याचा मृत्यू’. चॅनेलवाले ठाण्यासमोर गाड्या लावून बसले. मोर्चा आला, आणि मोर्चात त्याच बाजारातले लोक होते. हवालदार निलंबित झाले. त्यांच्यावर खुनाचा गुन्हा दाखल करा, ही मागणी जोर धरू लागली. त्यांची चौकशी वेगळ्या यंत्रणेकडे गेली. जमावाच्या मारहाणीचा तपास तेवढा माझ्याकडे राहिला. तो लागला नसता तर हवालदार तुरुंगात जाणार हे उघड होतं.

शवविच्छेदनात बरगड्या मोडलेल्या निघाल्या, पाठीवर काठीचे वळ. हवालदारांच्या हातात काठी नव्हती. पण जबाब द्यायला एक माणूस पुढे येईना. ज्याला विचारावं तो त्या दिवशी रानात होता. एवढा मोठा बाजार, पण त्या दिवशी बाजाराला कोणी गेलंच नव्हतं!

मग एक दिवस नायगावच्या कोर्टाबाहेर चहा पिताना त्याच गावचा एक शेतकरी शेजारी येऊन बसला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, “साहेब, ती क्लिप आखूड हाय. पूर्ण व्हिडिओ आमच्या भावकीच्या ग्रुपवर आलता. मंग समद्यायला उडवायला लावला. म्या न्हाई उडवला.”

मी म्हटलं, मोबाइल द्या, पंचनामा करतो. तर तो उठून उभा राहिला. भावकीत राहायचंय, म्हणाला, आधी दुसऱ्या कुणाला तरी बोलतं करा, मग मोबाइल देतो. नंतर कळलं, त्याचं आणि मारणाऱ्यांपैकी एकाचं बांधावरून भांडण होतं. मला काही वाईट वाटलं नाही. साक्षीदार सत्याच्या प्रेमाने येतो, असं मानणारा अधिकारी लवकर निवृत्त झालेला बरा.

क्लिप टाकणारा गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होता. चार ठिकाणी मुलाखती देऊन झाल्या होत्या, अंगात हवा शिरली होती. मी त्याला ठाण्यात बोलावलं, चहा दिला आणि त्याचीच क्लिप त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा लावली. लाखो लोकांनी ती पाहिली होती, पण सगळे बघत होते तो हवालदारांचा हात. मी पहिल्याच क्षणाला थांबवलं. थप्पड बसण्याआधीच त्या माणसाचा शर्ट फाटलेला होता आणि तोंडातून रक्त येत होतं.

“हा शर्ट कधी फाटला?” मी विचारलं.

पोलिसांनीच फाडला असेल, असं तो पुटपुटला. मी म्हटलं, पोलीस तर आत्ता जीपमधून उतरतोय, नीट बघ. मग मी हळूच विचारलं, भावकीच्या ग्रुपवर काय टाकलं होतंस? त्याने हातातला कप खाली ठेवला.

“मारनाऱ्यात चुलता हाय साहेब माझा,” तो म्हणाला. “पोरंचोर धरला म्हणून म्याच टाकला ग्रुपवर. मानूस मेल्याचं कळलं अन् घरचे लई भेले. मंग आधीचं कापलं, पोलीस आल्यावरचं तेवढं ठिवलं.”

त्यानंतर शेतकऱ्यानेही मोबाइल दिला. पूर्ण व्हिडिओ मी एकदाच पाहिला, दुसऱ्यांदा बघवला नाही. त्यात तो माणूस मार खाता खाता एकच वाक्य सारखं म्हणत होता. देगलूरच्या आमच्या एका शिपायाला तेलुगू येत होतं. त्याने मोबाइल कानाजवळ धरून ऐकलं. मग म्हणाला, “साहेब, पोलिसाला बोलवा म्हणून राहिला तो.”

चुलत्यासह मारणाऱ्यांना अटक झाली. हवालदार निर्दोष ठरले, मात्र थपडांबद्दल सक्त ताकीद मिळाली. कायद्याने तेही बरोबरच होतं. चॅनेलवर ही बातमी खालच्या पट्टीत आली आणि सरकून गेली. पूर्ण व्हिडिओ बघायला कुणाला वेळ नव्हता. हवालदारांच्या गावातले लोक आजही ती आखूड क्लिपच ओळखतात.

पोलिसांवर नजर असावी, याबद्दल माझं दुमत नाही. मोबाइलमुळे आमच्यातले काही खरोखरचे हैवान उघडे पडले, चांगलंच झालं. पण बघणाऱ्याने निदान एवढं विचारावं, की याच्या आधी काय झालं होतं. हे त्या प्रकरणाने मला शिकवलं. हवालदारांना काय शिकवलं, ते मात्र पुढे कळलं.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी आम्ही दोघं पुन्हा एकाच ठाण्यात होतो, तेव्हा भोकरच्या रस्त्यावर मोबाइलचोर समजून लोकांनी एकाला धरलं. सगळ्यात आधी पोहोचले ते हेच हवालदार. त्यांनी वायरलेसवर कुमक मागवली, लांब उभे राहून लोकांना शांत राहण्याचं आवाहन केलं आणि गाडी येईपर्यंत वाट बघितली. नियमात कुठेही चूक नव्हती. त्या माणसाचा एक डोळा कायमचा गेला.

मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. रागवायचं ठरवलं होतं. त्यांनी सॅल्यूट केला, खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

“हात लावला न्हाई साहेब कोणालाच,” ते म्हणाले. “व्हिडिओ पूर्ण हाय. पहिल्यापासून.”