मेणातला शेवटचा पापुद्रा

लॅबमध्ये सगळे तिला पापुद्राताई म्हणत. तिला ते नाव मनातून फार आवडायचं, फक्त कबूल करायची नाही. सव्वीस वर्षं ती एकच काम करत आली होती. ऑपरेशनमधून आलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, यंत्राच्या पात्यावर त्याचे केसाहून बारीक पापुद्रे काढायचे, ते कोमट पाण्याच्या भांड्यात तरंगत सोडायचे आणि काचेवर अलगद उचलायचे. नवी मुलं दहातले सहा फाडायची. हिचा एक जरी फाटला, तरी दिवसभर तिच्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती.

घरी मात्र उलटा कारभार. भाजी अशी चिरायची की नवरा म्हणायचा, "लॅबमध्ये एवढी नजाकत आणि आमच्या नशिबी हे धोंडे?" शेवटी निवृत्त झाल्यावर त्यानेच स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, आणि दिवसातून चारदा फोन करून तिचं डोकं खायला लागला.

एका गुरुवारी सकाळी दहाला रिपोर्टच्या खिडकीशी एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी आली. खिडकीवरचा कारकून चहाला गेलेला, म्हणून पापुद्राताई उठली.

"काकू, माझ्या रिपोर्टची एक प्रत मिळेल? आज तीनला सगळे डॉक्टर बसून ठरवणार आहेत. बहुतेक रेडिएशनच म्हणतायत."

मुलगी पोहायला शिकवायची, तसे खांदेही होते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिथे तिला गाठ झाली होती. सर्जनने नाकातून दुर्बीण घालून ती काढली, पण रक्तवाहिनीला चिकटलेला एक कण मागे राहिला. तो गप्प बसणार की आजूबाजूला घुसत जाणार, याचा अंदाज घ्यायला केआय-६७ नावाची तपासणी केली होती. वाढायच्या घाईत असलेल्या पेशी त्यात तपकिरी दिसतात. शंभरात तीनपेक्षा कमी निघाल्या, तर हे डॉक्टर थांबून लक्ष ठेवायचे. रिपोर्टात आठ लिहिले होते.

"रेडिएशनने उरलेली ग्रंथीही हळूहळू बंद पडू शकते म्हणे," मुलगी म्हणाली. "मूलबाळ व्हायचंय अजून. घ्यायचं तर घेईन हो मी, घाबरत नाही. पण खरंच गरज आहे ना, एवढंच कळायला हवं."

आठ? पापुद्राताईने प्रत दिली, पण आकडा काही गळ्याखाली उतरेना. याच गाठीची साध्या रंगाची काच तिने स्वतः पाहिली होती. सगळ्या पेशी एकसारख्या, शहाण्यासारख्या बसलेल्या. ती काही डॉक्टर नव्हती. पण सव्वीस वर्षं डोळे उघडे ठेवून काढली होती की नाही?

तिने केआय-६७ची काच कपाटातून काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मधोमध गर्द तपकिरी पुंजका. लॅबमधल्या नव्या डॉक्टरने तिथेच मोजलं होतं, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं, सगळ्यात गर्द जागी मोजायचं असा नियमच आहे. तिने बाजूचा स्क्रू जरासा फिरवला. गाठीच्या पेशी पुसट झाल्या आणि तपकिरी पेशी लख्ख! परत फिरवला. आता गाठ स्पष्ट, तपकिरी पुसट. अहो, त्या पेशी गाठीतल्या नव्हत्याच! वरून येऊन बसल्या होत्या!

आणि कुठून आल्या, तेही तिला लगेच आठवलं. रंग नीट चढतोय का हे तपासायला टॉन्सिलचा पापुद्रा घेतात, त्यात तपकिरी पेशींची नुसती जत्रा असते. त्या दिवशी तिने आधी टॉन्सिल कापलं. मग भांड्यातल्या पाण्यावर तरंगणारा चुरा टिश्यूपेपरने निपटून घ्यायचा, हा तिचाच नियम, तिनेच सगळ्यांना ओरडून ओरडून शिकवलेला. आणि नेमका तेव्हा नवऱ्याचा फोन. "अगं, कुकरची शिट्टी कुठे ठेवलीस?" शिट्टी सापडली, पाणी निपटायचं राहिलं. टॉन्सिलचा चुरा या मुलीच्या गाठीवर येऊन चिकटला.

ती तडक लॅबच्या मुख्य डॉक्टरांकडे, मोठ्या मॅडमकडे गेली. त्या कालपर्यंत रजेवर होत्या. "मॅडम, माझ्या हातून घाण झालीये. आधी बघा, मग काय बोलायचं ते बोला."

मॅडमनी पाहिलं. "अगं बाई! हे तर टॉन्सिल! आणि सगळीकडे पसरलंय. या काचेवर मोजणंच शक्य नाही. जादा काचा?"

"त्याही त्याच पाण्यातल्या."

"ठोकळ्यात काही उरलंय?"

तिने ठोकळा उजेडात धरला. तिळाएवढा तुकडा होता मुळात, आता कागदाइतका पातळ उरलेला. "एक निघेल. फार तर दोन."

"आणि फाटला तर?"

"तर काहीच हातात नाही."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "तीनच्या आत रंगवूनही व्हायचंय. कापा, ताई. दुसऱ्या कुणाला मी सांगणार नाही."

तिने भांडं घासलं, पाणी बदललं, पातं नवं लावलं, फोन बंद करून खणात टाकला. ठोकळा बर्फावर गार केला. पहिला पापुद्रा निघाला आणि मधोमध चिरला. मागे उभ्या पोरांनी श्वास रोखला. तिने चाक पुन्हा फिरवलं, अगदी सावकाश, आणि दुसरा पापुद्रा अखंड सरकत आला! पाण्यावर पसरला, सुरकुतीसुद्धा नाही. तिने काच खालून घातली आणि उचलला. "आला!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच ओरडले.

वाळवणं, रंगवणं, धुणं, तिने कुणाला हात लावू दिला नाही. पावणेतीनला मॅडम मोजायला बसल्या. दोनशे, पाचशे, हजार पेशी.

"हजारात अकरा," मॅडम म्हणाल्या. "शंभरात एक! ताई, शंभरात एक!" आणि रिपोर्ट घेऊन त्या बैठकीकडे अक्षरशः पळाल्या.

चारला पापुद्राताई बाहेर आली. मुलगी बाकावर बसली होती, नुकताच निरोप मिळालेला, तोंडभर हसू. "काकू, रेडिएशन रद्द! दर सहा महिन्यांनी स्कॅन करायचा फक्त!"

"मला माहितेय," ती म्हणाली, आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं. पाणी, फोन, टॉन्सिल, शेवटचा पापुद्रा. "चूक माझीच होती. तुला तक्रार करायची असेल तर खुशाल कर, मी स्वतः कागद आणून देते."

मुलीने पुढे होऊन तिचे दोन्ही हात धरले.

"काकू, तुमचे हात किती थरथरतायत!"

"आता थरथरू देत," पापुद्राताई म्हणाली. "कापताना नाही थरथरले."